टॅकोचा रास्त भाव किती? जालन्याच्या बाजारात मांडलेला हिशेब

मेन्यूकार्डावर ‘मेक्सिकन’ असा मथळा दिसला की मुले खूश होतात आणि बिल देणारा माणूस उजवीकडचा आकडा बघायला लागतो. तो आकडा रास्त आहे की नुसते नावाचे पैसे आहेत, हे ओळखायला टॅकोत काय काय पडते आणि कशाला किती लागते एवढे माहीत असले की पुरे. जालना जिल्ह्यात राहणाऱ्याला हा हिशेब सोपा आहे, कारण टॅकोतल्या बहुतेक वस्तू इथल्या भाजीबाजारात आणि किराणा दुकानात रोज मिळतात. महाग पडतात त्या तीनच: तयार शेलचे पाकीट, चीज आणि अवोकॅडो. पहिली वस्तू घरी करता येते, दुसरी कमी घालता येते आणि तिसरी अजिबात आणली नाही तरी काही बिघडत नाही.

टॅको म्हणजे मुळात मक्याची तळहाताएवढी मऊ पोळी, तिच्यात चमचा-दोन चमचे सारण, वर चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि तिखट साल्सा. आपल्याकडे जो कुरकुरीत, वाकवून तळलेला शेल दिसतो तो अमेरिकेत रुळला. असे शेल तळायच्या साधनाचे पेटंट न्यूयॉर्कमध्ये हॉटेल चालवणाऱ्या हुवेन्सिओ माल्डोनाडो या मेक्सिकन माणसाला १९५० मध्ये मिळाले. पुढे ग्लेन बेल यांनी १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात टॅको बेल काढले आणि तो शेल जगभर गेला. भारतात टॅको बेल २०१० मध्ये बंगळुरूत उतरले. टॅको सॅलड तर पुरते अमेरिकन. डिस्नीलँडमधल्या ‘कासा दे फ्रितोस’ या हॉटेलात मक्याच्या कुरकुरीत वाटीत बीन्स, मांस आणि चीज घालून ‘टा-कप’ विकत, तो त्याचा पूर्वज मानतात. कटोरी चाट खाल्लेल्या माणसाला यात नवल वाटायचे कारण नाही.

आपल्याकडे टॅको या नावाखाली बरेच काही येते. डॉमिनोजच्या ‘टॅको मेक्सिकाना’त पापुद्र्याची पोळी असते आणि आत हरिसा सॉस. हरिसा मूळचा ट्युनिशियाकडचा! चवीला काही हरकत नाही. पण मागवण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा: शेल मक्याचा आहे की मैद्याचा? मैद्याच्या पोळीत भाजी गुंडाळून दिली तर तो रोल झाला, आणि रोलचा भाव आपल्याला ठाऊक असतो.

मक्यापासून सुरुवात

भोकरदन, जाफराबाद भागात मक्याची शेते बघितलेल्यांना हे सांगायला नको की मका हे आपल्याकडचे स्वस्त धान्य आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये ठरवला, म्हणजे किलोला २४ रुपये. मोंढ्यात तोही मिळत नाही अशी शेतकऱ्यांची तक्रार असते. संकरित बियाण्यांचे शहर म्हणून जालन्याची ओळख आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथेच महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. अशा गावात बसून मक्याच्या बारा शेलसाठी दोन-अडीचशे रुपये मोजायचे म्हणजे जरा विचार करावा लागतो.

दुकानात मागताना ‘मक्याचे पीठ’ असे स्पष्ट मागा. कॉर्नफ्लोअर म्हणून जी पांढरीशुभ्र पूड मिळते ती मक्यातले निव्वळ स्टार्च असते. सूप दाट करायला ती चालते, पोळीला नाही. आपल्याला हवे ते पिवळे, हाताला किंचित रवाळ लागणारे पीठ. घरचा मका असेल तर गिरणीतून बारीक दळून आणा, पण आधी निवडून घ्या. काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे कोंबड्यांच्या खाद्यासाठी साठवलेल्या मालात असू शकतात आणि त्या बुरशीचे विष शिजवून जात नाही. एरवी फक्त टॅकोसाठी गिरणीची फेरी मारू नका. बारा शेलना मक्याचे पीठ पावशेरही लागत नाही. वाचतील ते पाच-सहा रुपये.

मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर भिजत ठेवून, मग धुऊन वाटतात. किलोभर मक्याला साधारण दहा ग्रॅम खायचा चुना लागतो. त्याने दाण्याची साल सुटते, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागते. चांगल्या कंपनीचे नाचोज आणि शेल याच पद्धतीने होतात. त्यांचा तो वेगळा वास या चुन्यामुळेच. हौस असेल तर एकदा करून बघा. रोजच्या स्वयंपाकात दोन भाग मक्याचे पीठ, एक भाग मैदा किंवा कणीक, मीठ, चिमूटभर ओवा, चमचाभर तेल आणि कढत पाणी एवढ्यावर भागते. पीठ वीस मिनिटे झाकून ठेवा, पातळ लाटा, काट्याने टोचा म्हणजे पुरीसारखे फुगणार नाही, तव्यावर दोन्ही बाजूंनी अर्धवट भाजा. मग चिमट्यात दुमडून धरून तेलात आधी एक बाजू, नंतर दुसरी बाजू तळा. पहिले एक-दोन वेडेवाकडे होतील. ते मोडून टॅको सॅलडमध्ये घालायचे.

बारा टॅकोंचे गणित

पुढचे भाव मी हिशेबासाठी धरलेले आहेत. जालन्याच्या फुले मार्केटमध्ये सकाळचा आणि संध्याकाळचा भाव एक नसतो, आणि मंठ्याचा भाव परतूरला लागू पडत नाही. तुमच्या गावचा भाव घालून गणित पुन्हा करा. वस्तूंची प्रमाणे मात्र तीच राहतील.

मक्याचे पीठ ६० रुपये किलो, मैदा ४० रुपये किलो. बारा शेलना २०० ग्रॅम मका आणि १०० ग्रॅम मैदा, मिळून १६ रुपये. तेल १५० रुपये लिटर धरले आणि ८० मिलिलिटर मुरले तर १२ रुपये. राजमा १४० रुपये किलो. कोरडा दीडशे ग्रॅम भिजवून शिजवला की साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास होतो, त्याचे २१ रुपये. साल्साचा आणि राजम्यात घालायचा टोमॅटो ४०० ग्रॅम, १२ रुपये. कांदा पावशेर, ८ रुपये. कोबी, ढोबळी मिरची, कोथिंबीर, दोन लिंबे आणि हिरवी मिरची मिळून २९ रुपये. पाव किलो दह्याचा चक्का, २० रुपये. चीज ६०० रुपये किलो. एका टॅकोला दहा ग्रॅम या दराने १२० ग्रॅम, ७२ रुपये. जिरे, तिखट, ओरेगानो यांचे १५ आणि गॅसचे १०.

एकूण २१५ रुपये. एक टॅको १८ रुपयांना पडला.

आता याच हिशेबात काय हलवले तर काय होते ते बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. चीज एकटेच एक तृतीयांश खर्च खाते. ते काढून टाकले तर टॅको १२ रुपयांवर येतो. घरच्या शेलऐवजी बारांचे तयार पाकीट आणले आणि त्याला २४० रुपये पडले असे धरा, तर एकूण खर्च ४२७ वर जातो आणि एक टॅको साडेपस्तीसला पडतो. म्हणजे आतले सगळे जिन्नस तेच राहून नुसत्या पाकिटामुळे भाव दुप्पट! राजम्याऐवजी सोयाबीनचा चुरा वापरला तर ५ रुपये वाचतात. सोयाबीन आपल्याच शेतातले आणि मसाला चांगला परतला तर खिम्याची आठवण करून देणारे. साडेतीनशे ग्रॅम बोनलेस चिकन, ३०० रुपये किलोने, घातले तर एक टॅको २५ रुपयांना पडेल. मटणाचा खिमा ८०० रुपये किलोने घेतला तर साडेएकोणचाळीसला. मटण टॅकोत घालण्यापेक्षा त्याचा रस्सा करून भाकरीशी खावा असे माझे मत आहे, पण तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न.

टोमॅटोचे तेवढे वेगळे सांगतो, कारण त्याच्या नावावर फसवणूक जास्त होते. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरी ओलांडून गेला होता तसा पुन्हा गेला असे समजा. ४०० ग्रॅमला १२ ऐवजी ४० रुपये पडतील. बारा टॅकोंत वाटले तर प्रत्येकी सव्वादोन रुपये. तेव्हा ‘टोमॅटो महागले’ म्हणून कोणी प्लेटमागे वीस रुपये वाढवले असतील, तर त्यातले बरेचसे टोमॅटोचे नाहीत.

हॉटेलच्या धंद्यात कच्चा माल विक्रीच्या भावाच्या साधारण तिसऱ्या हिश्शात बसवायचा असा ठोकताळा आहे. उरलेल्यात जागेचे भाडे, पगार, वीज, नासाडी आणि नफा. त्या मापाने राजम्याचा एक टॅको ५० ते ६० रुपयांना असेल तर भाव रास्त आहे. ९० रुपये मागितले तर शेल आयात पाकिटाचा आहे का, चीज किती आहे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आणि ३० रुपयांना मिळत असेल तरी विचारा. मग तेल किंवा चीज यांपैकी कशात तरी काटकसर झालेली असते. कढईतले तेल काळे आणि फेसाळ दिसले तर पुढच्या गाड्यावर जा.

टॅको सॅलड: पोटभर, पण भाज्या जपून निवडा

टॅको हा नाश्ता, सॅलड हे जेवण. चार जणांसाठी हिशेब असा: मक्या-मैद्याच्या चार मोठ्या वाट्या, तेलासकट २८ रुपये. वाटी करायची तर लाटलेली पोळी स्टीलच्या वाटीच्या बाहेरून दाबून वाटीसकट तळायची. सुटी झाली की वाटी चिमट्याने काढून घ्यायची. राजमा २०० ग्रॅम, २८ रुपये. कोबी, टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, कांदा, एका कणसाचे गोड दाणे, कोथिंबीर, लिंबू आणि एक मोसंबी मिळून ८७. चक्क्याचे ड्रेसिंग २४. चीज ८० ग्रॅम, ४८. मसाला आणि गॅस २५. बेरीज २४०, म्हणजे माणशी ६० रुपये. वाट्या तळायचा कंटाळा असेल तर नाचोजचे मोठे पाकीट फोडा. ९० रुपयांचे धरले तर माणशी ७६ पडतील.

मोसंबी बघून भुवया उंचावू नका. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि अंबड, घनसावंगीकडे हंगामात ती मिळतेही स्वस्त. लिंबाची जागा ती घेऊ शकत नाही, आंबटपणा कमी पडतो. पण साल आणि पांढरी पापडी काढलेल्या फोडी राजमा आणि मिरचीच्या तिखटात फार छान लागतात. फोडी अगदी शेवटी घाला, नाहीतर पाणी सुटते.

आइसबर्ग लेट्यूस हे सॅलडमधले दुसरे खर्चिक प्रकरण. तो बाहेरून येतो, एप्रिल-मेच्या उन्हात दुपारपर्यंत माना टाकतो आणि भाव कोबीच्या चार-पाच पट असतो. कोबी बारीक चिरून दहा मिनिटे बर्फाच्या पाण्यात ठेवला की तोच कुरकुरीतपणा येतो. अवोकॅडोबद्दल तर बोलायलाच नको: १५० रुपयांचे एक फळ धरले तर २४० चे सॅलड ३९० वर जाते, आणि ते फळ आतून काळे निघाले तर दुकानदार परत घेत नाही. ग्वाकामोलेची, म्हणजे अवोकॅडोच्या चटणीची, हौस मुंबई-पुण्याला गेल्यावर भागवावी.

बरणीतले हालापेन्यो, म्हणजे व्हिनेगरमधल्या मिरचीच्या चकत्या, हे मात्र घरी सहज होणारे काम. भोकरदन तालुक्यातले पिंपळगाव रेणुकाई हे हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध गाव. आपल्याकडे मिरचीची वानवा नाही. पाव किलो जाड, कमी तिखट भावनगरी मिरची गोल कापा. एक कप पांढरा व्हिनेगर, एक कप पाणी, चमचाभर मीठ आणि चमचाभर साखर उकळून गरम असतानाच त्यावर ओता. काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे सहज राहते. विकतच्या बरणीत मिरची किती आणि पाणी किती हे बघायचे असेल तर लेबलवर निथळलेले वजन वेगळे दिलेले असते, तेवढे वाचा.

पाकीट आणि बिल वाचताना

चीज घेताना पाकिटाची पुढची बाजू नव्हे, मागची वाचा. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल घातलेला माल निव्वळ ‘चीज’ किंवा ‘पनीर’ म्हणून विकता येत नाही; त्यावर ‘ॲनालॉग’ असे लिहावे लागते. तो खाणे गुन्हा नाही. पण ॲनालॉग घालायचे आणि चीजचे पैसे लावायचे, हे चालणार नाही. कॅफेत ‘एक्स्ट्रा चीज’चे ३० रुपये लावत असतील तर लक्षात ठेवा, ६०० रुपये किलोने ३० रुपयांत ५० ग्रॅम चीज येते. टॅकोवर पडते ते दहा-पंधरा ग्रॅम.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चीज, सॉस, नमकीन यांवर आता ५ टक्के आहे आणि पॅकबंद पनीरवरचा कर गेला. मोठे पाकीट स्वस्त पडते असे गृहीत धरू नका. नाचोज आणि शेल घेताना पाकिटावर छापलेला दर ग्रॅमचा भाव ताडून बघा.

हॉटेलात जेवणावर ५ टक्के जीएसटी. ज्या छोट्या हॉटेलांनी कंपोझिशन योजना घेतली आहे त्यांना ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही, आणि बिलावर जीएसटी क्रमांकच नसेल तर कराची ओळ कुठून आली, हे विचारा. बिलावर अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांकही असायला हवा. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. बिलात तो लावला असेल तर शांतपणे काढायला सांगा. नाही काढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगातही ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, पण एका टॅकोसाठी तिथवर जाण्याआधी हेल्पलाइनचा फोन करून बघावा.

ॲपवरून मागवायचे तर आणखी एक बेरीज करा. १८० रुपयांचे सॅलड, १५ रुपये पॅकिंग, त्यावर ५ टक्के कर. डिलिव्हरी आणि प्लॅटफॉर्मचे मिळून ४७ रुपये धरले तर त्यावर १८ टक्के. बिल २६० च्या घरात जाते. शिवाय तळलेली वाटी वाफेने मऊ पडते. मागवायचेच असेल तर सूचनेच्या रकान्यात ‘शेल आणि सारण वेगळे द्या’ असे लिहा, त्याला पैसे पडत नाहीत.

काही जण ‘खरा’ टॅको खायला गाडी काढून छत्रपती संभाजीनगर गाठतात. जाऊन-येऊन १२० किलोमीटर, लिटरला पंधराचा ॲव्हरेज, १०५ रुपयांचे पेट्रोल: ८४० रुपये तर रस्त्यातच गेले. एवढ्यात घरी शेहेचाळीस टॅको होतात. दुसरे काही काम असेल तर जाता जाता खा.

मग बाहेर केव्हा खावे? एक-दोघे असाल तर बाहेरच खा. दोन टॅकोंसाठी राजमा भिजवा, कढईभर तेल काढा, चीजचे पाकीट फोडा, यात वेळ जातो आणि उरलेले चीज फ्रीजमध्ये कडक होते. चार माणसांच्या पुढे मात्र घरचा टॅको बाहेरच्याच्या तिसऱ्या हिश्शात होतो, आणि वाढदिवसाला किंवा भिशीला तर घरीच करावा. पंचवीस जणांना प्रत्येकी दोन म्हणजे पन्नास टॅको, ९०० रुपये. शेल आदल्या दिवशी तळून, पूर्ण गार करून हवाबंद डब्यात ठेवा. राजमा सकाळी शिजवा. साल्सा तासभर आधी करून गाळणीत निथळत ठेवा, नाहीतर शेल हातात फुटतात. सारण, कोबी, साल्सा, चक्का वेगवेगळ्या भांड्यांत मांडून ज्याचे त्याला भरून घेऊ द्या. चीजची किसणी मात्र मुलांच्या हाती देऊ नका. ती यजमानीणबाईंनी स्वतःकडेच ठेवावी.